शिबिरातल्या दीडशे पिशव्यांपैकी तीन बाद झाल्या, हे नॉर्मल आहे का? (सोलापूर)

चौकातला_कार्यकर्ता

नमस्कार मंडळी, जरा जाणकारांनी उत्तर द्या. आमचं मंडळ अशोक चौकाच्या अलीकडं, पूर्व भागात. दरवर्षी १९ फेब्रुवारीला शिवजयंतीचं रक्तदान शिबिर असतंच, यंदा भेट म्हणून हेल्मेट ठेवलतं त्यामुळं गर्दी लई झाली, दीडशेच्या आसपास पिशव्या झाल्या, पोरं खूश, फ्लेक्स लागला, सगळं झालं. नंतर सर्टिफिकेटं आणायला रक्तपेढीत गेलतो तर तिथला माणूस बोलता बोलता म्हणला की तुमच्यातल्या तीन पिशव्या टेस्टिंगला बाद झाल्या. कशामुळं विचारलं तर म्हणे दोन हिपॅटायटिस बी (काविळीचा एक प्रकार) आणि एक दुसरं काहीतरी, त्याच्यापुढं तोंड उघडंना. नावं मागितली तर हात जोडले.

खजिनदारानं हे मंडळाच्या ग्रुपवर टाकलं आणि तिथनं राडा सुरू. एक जण म्हणतो शिबिरच बंद करा, बदनामी होईल. एक जण म्हणतो पेढीवाल्यांनी पिशव्या विकल्या आणि कागदावर बाद दाखवल्या. दोघा-तिघांच्या आया घरी येऊन विचारून गेल्या की आमच्या पोराला तिथल्या सुईनं काय झालं तर नसंल ना. माझं साधं विचारणं आहे, दीडशेत तीन म्हणजे लई आहेत का, एवढ्या लोकांच्या रक्तात हे असतं का आपल्याकडं, आणि शिबिर आमचं, माणसं आमची, मग नावं आम्हाला कळायला काय हरकत आहे, निदान त्यांना सावध तरी करता येईल ना.

विजापूरवेस_किंग

नावं कळलीच पाहिजेत बे. उद्या तोच माणूस दुसऱ्या मंडळात जाऊन परत रक्त दिला तर? आणि पेढीवाले आपल्याकडनं फुकट घेतात आणि दीड हजाराला विकतात ते पण विचारा की कुणीतरी.

सिरम_आणि_शेंगाचटणी

मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे, सोलापुरातच, कुठल्या ते विचारू नका.

आधी त्या आयांना शांत करा. सुई, नळी आणि पिशवी हे सगळं एकमेकाला जोडूनच येतं, निर्जंतुक केलेलं, सील फोडून एकाच माणसाला वापरतात आणि नंतर सुई नष्ट होते. रक्त देणाऱ्याला त्यातनं एचआयव्ही होत नाही की कावीळ होत नाही. धोका असतो तो रक्त घेणाऱ्याला, आणि आमची सगळी धडपड त्याच्यासाठी असते.

आता तीनाचं बघा. कायद्यानं प्रत्येक पिशवीवर पाच तपासण्या कराव्याच लागतात, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. रिपोर्ट येईपर्यंत पिशवी वेगळ्या फ्रिजमध्ये पडून असते, कितीही मोठ्या माणसाचा फोन आला तरी तिथनं हलत नाही. नॅकोनं (केंद्राची एड्स नियंत्रण संस्था) २०१५ च्या आकड्यांवरनं देशभरातल्या रक्तपेढ्यांचा आढावा घेतलता, त्यात दर शंभर पिशव्यांमागं हिपॅटायटिस बी ०.८७, सी ०.३४, सिफिलिस ०.१७, एचआयव्ही ०.१४ आणि मलेरिया ०.०६ असं प्रमाण निघालतं. बेरीज केली तर दीडच्या थोडं वर जाते. म्हणजे दीडशे पिशव्यांत दोन-अडीच बाद होणार हे सरासरीनंच धरलेलं आहे, तुमच्या तीन झाल्या. एखाद्या शिबिरात एकही निघत नाही, एखाद्यात पाच निघतात, एवढ्याशा आकड्यात खालीवर होतंच, त्यावरनं पूर्व भाग असा आणि जुळे सोलापूर तसं असलं काही काढत बसू नका. फ्लेक्स काढायची पण गरज नाही.

त्यातनं दोन बी निघाले याचं तर मला काहीच वाटलं नाही. आमच्याकडं सगळ्यात जास्त सापडतो तो बीच. याचं कारण असं की तो बऱ्याच जणांना जन्मताना आईकडनं नाहीतर अगदी लहानपणी लागलेला असतो. मोठ्या माणसाला बी झाला तर शंभरातले पंच्याण्णव तरी सहा महिन्यांत आपोआप बरे होतात, पण नुकत्या जन्मलेल्या बाळाला झाला तर शंभरातल्या नव्वदांच्या अंगात तो कायमचा राहतो, आणि माणूस तीस-चाळीस वर्षं धडधाकट फिरतो, ना कावीळ ना ताप. बाळांना देतात ती बीची लस सरकारी कार्यक्रमात देशभर सगळीकडं पोचेपर्यंत २०११ उजाडलं. आज शिबिरात हात पुढं करणारा पंचविशीचा काय आणि चाळिशीचा काय, बहुतेकांना लहानपणी ती मिळालेलीच नाही. त्यात परत एकच सुई चार जणांना टोचणारे डॉक्टर, न बदललेलं वस्तऱ्याचं पातं, गड्ड्याच्या यात्रेत एकाच मशीनवर रांगेनं गोंदवून घेणं, हे सगळं आहेच. गोंदवल्यावर वर्षभर रक्त घेत नाहीत ते यासाठीच, पण फॉर्म भरताना किती पोरं बाही वर करून दाखवतात?

नावांचं म्हणाल तर ती मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. फॉर्मवर दाता सही करतो त्यात लिहिलेलं असतं की काही निघालं तर मला कळवा का नको, म्हणजे कळवायचं ते त्याला, मंडळाला नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, माणसाच्या संमतीशिवाय त्याची माहिती फोडता येत नाही. तुम्ही सावध करायला जाणार हे कबूल, पण तुमच्या ग्रुपवर माणसं किती आहेत? एका रात्रीत अख्ख्या घरकुल वसाहतीला कळंल.

किंगसाहेब, बाद पिशवी आधी ऑटोक्लेव्ह होते (वाफेच्या दाबानं निर्जंतुक करतात) मग बायोमेडिकल कचऱ्यात जाते, रजिस्टरला नोंद होते, आणि ते रजिस्टर एफडीएवाले (अन्न-औषध प्रशासन) येऊन तपासतात. पैसे रक्ताचे नसतात, पिशवी, टेस्टची किट, मशीन, फ्रिज आणि माझा तुटपुंजा पगार याचे असतात. २०२२ पासून लाल पेशींच्या एका पिशवीला सरकारी पेढीत ११०० आणि बाहेर १५५० च्या वर घेता येत नाहीत. थॅलेसेमिया, सिकल सेल, हिमोफिलिया या रक्ताच्या आजारवाल्यांना फुकट.

विजापूरवेस_किंग

बरं बरं, एवढं तापू नका ताई का दादा जे काय असाल ते. पण मग सगळं टेस्टिंग एवढं कडक असंल तर पेशंटला इन्फेक्शन लागल्याच्या बातम्या येतात त्या कशा?

सिरम_आणि_शेंगाचटणी

ताई. आणि त्याचं उत्तर डॉक्टरांनी दिलेलं बरं, मी ड्युटीवर आहे.

स्टेथो_विसरलेला

पॅथॉलॉजी केलंय, सध्या ट्रान्सफ्युजनचंच काम बघतो. ताईंनी बहुतेक सांगितलंच आहे, मी दोन गोष्टी जोडतो, थोडं लांबंल, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे टेस्ट कितीही चांगली असली तरी विषाणू अंगात शिरल्यापासून तो टेस्टला दिसेपर्यंत काही दिवस जातातच, त्याला विंडो पिरियड म्हणतात. साधी एलायझा (पेढीतली नेहमीची टेस्ट) एचआयव्हीची अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध अंगात बनणारी प्रथिनं, पकडते आणि अंगाला अँटिबॉडी बनवायलाच तीन आठवडे लागतात. नवीन पिढीची एलायझा अँटिजेन, म्हणजे विषाणूचाच तुकडा, पण बघते, त्यात हा काळ दोन-अडीच आठवड्यांवर येतो, आणि नॅट म्हणून जी टेस्ट आहे ती थेट विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधते, तिच्यात साधारण दहा दिवसांवर. हिपॅटायटिस सी मध्ये फरक सगळ्यात मोठा, एलायझाला दोन महिने, नॅटला आठवडाभर. बी मध्ये पाच-सहा आठवड्यांचे तीन-चार होतात, तिथं नॅटचा फायदा त्या मानानं कमी. पण बीची अजून एक भानगड असते, काहींच्या रक्तात एचबीएसएजी (बी विषाणूची खूण) निगेटिव्ह येतं पण विषाणू थोड्या प्रमाणात लिव्हरमध्ये दबा धरून असतो, ते एलायझाला सुटतं, नॅटला कधी सापडतं कधी नाही. नॅट महाग आहे, मशीन मोठं लागतं, आणि आपल्याकडं ती सक्तीची नाही, त्यामुळं सगळ्या पेढ्यांत होत नाही. नॅट लावली तरी विंडो पिरियड शून्य होत नाही.

म्हणजे बघा, टेस्टच्या आधीची जी चाळणी आहे, तो फॉर्म आणि डॉक्टरांचे चार प्रश्न, तिथं माणूस खरं बोलला तरच त्या दहा-वीस दिवसांचं भोक बुजतं. दुसरा उपाय नाही. गेल्या आठवड्यात काही केलंय आणि मनात धाकधूक आहे म्हणून शिबिरात येऊन फुकटात टेस्ट करून घ्यायची, असे महाभाग असतात, आणि ते नेमके विंडोमध्येच आलेले असतात. बाबांनो, सिव्हिलला आणि ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसी (एचआयव्ही सल्ला आणि तपासणी केंद्र) आहे, फुकट आहे, नाव गुप्त राहतं, १०९७ वर फोन केला तरी सांगतात. तिथं जा. पेढी ही टेस्ट करायची जागा नाही.

दुसरं, ज्या तिघांच्या पिशव्या बाद झाल्या ते तिघं आजारी आहेतच असं समजू नका. पेढीची टेस्ट मुद्दाम अशी ठेवलेली असते की खरा एकही सुटू नये, मग त्यात काही खोटे पण अडकतात. हिशेबच मांडू. धरून चला दहा हजार दाते आहेत आणि त्यांच्यात खरे एचआयव्हीवाले पंधरा आहेत. टेस्ट ते पंधराच्या पंधरा पकडते, पण निरोगी माणसांत हजारामागं दोघांना चुकून रिऍक्टिव (म्हणजे पॉझिटिव्ह) दाखवते. उरलेल्या ९९८५ मध्ये हे झाले वीस जण. म्हणजे एकूण पस्तीस रिऍक्टिव, आणि त्यातले निम्म्याहून जास्त ठणठणीत. पिशवी पस्तीसच्या पस्तीस फेकायची, त्यात शंका नाही, पण माणसावर शिक्का मारायचा नाही. तो आयसीटीसीत जातो, तिथं वेगवेगळ्या किटवर परत तपासतात आणि मग काय ते ठरतं. तुम्ही नावं ग्रुपवर आणली असती तर त्या वीसांतल्या एखाद्याचं ठरलेलं लग्न मोडलं असतं, विचार करा.

आणि हो, बीची लस नुकती टोचलेली असली तरी दोन-तीन आठवडे एचबीएसएजी पॉझिटिव्ह येऊ शकतं. हे पण डॉक्टरांना सांगायचं असतं, कुणी सांगत नाही.

रेल्वेलाईन्सवाला

त्या वरच्या बी वाल्यांपैकी मी एक, म्हणजे तुमच्या शिबिरातला नाही, जुना. कंपनीत शिबिर झालतं चिंचोळी एमआयडीसीत, नंतर पेढीतनं फोन आला की एकदा येऊन भेटून जा, फोनवर कारण सांगंनात. मला वाटलं काहीतरी बक्षीस लागलं. गेलो तर एक मॅडम होत्या, दार लावून घेतलं आणि नीट समजावून सांगितलं. मला आधी एवढंच डोक्यात की मी दारू पीत नाही, कधी बाहेरख्याली नाही, मला कसं काय. त्या म्हणल्या घरातल्या सगळ्यांची टेस्ट करा. केली तर आईला पण निघालं. तिला आयुष्यात कधी कळलं नव्हतं, साखर पेठेत दिवसभर विड्या वळल्या आणि आम्हा भावंडांना वाढवलं, एवढंच तिला माहिती.

माझी सोनोग्राफी, लिव्हरची टेस्ट, व्हायरल लोड सगळं झालं, लोड कमी होता म्हणून गोळी पण नाही, दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं आणि दारूला हात लावायचा नाही एवढंच. आईला टेनोफोव्हिर चालू केली, रोज एक, सरकारी हॉस्पिटलात फुकट मिळते, २०१८ पासून केंद्राचा कावीळ बी-सीचा कार्यक्रम आहे त्यातनं. बायकोची टेस्ट निगेटिव्ह आली, तिला लसीचे तीन डोस दिले, आज, महिन्यानं आणि सहाव्या महिन्यात. पोरांचं लसीकरण झालतंच.

सगळ्यात ताप झाला तो नातेवाइकांचा. चुलत भावानं माझं ताट वेगळं ठेवायला लावलं त्याच्या घरी. अरे बाबा हे जेवणातनं पसरत नाही, पाण्यातनं पसरत नाही, ती पाण्यातनं होणारी कावीळ वेगळी, ए आणि ई ची, आणि आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येणार आणि आपण ते पिंपात भरून ठेवणार म्हणल्यावर ती व्हायचीच. बी रक्तातनं जातो, संबंधातनं जातो, आईकडनं बाळाला जातो. माझा वस्तरा वापरू नको आणि माझा ब्रश वापरू नको, बास, ताटानं काही होत नाही. त्याला कळायला दोन दिवाळ्या गेल्या.

तर कार्यकर्ते, नावं काढू नका. ज्याला कळायचं त्याला फोन येतोच, फक्त फोन लागला पाहिजे. शिबिराच्या फॉर्मवर निम्मे नंबर चुकीचे असतात हे मला त्या मॅडमनीच सांगितलं.

विजापूरवेस_किंग

रेल्वेलाईन्स भाऊ मानलं तुम्हाला. मी नावाचं बोललेलं मागं घेत नाही पण पुढं पण रेटत नाही 😅 पण एक सांगू का, म्हणूनच आमच्या घरी कुणाला रक्त लागलं की आम्ही घरच्याचंच देतो. भावाचं रक्त भावाला. बाहेरच्याचा काय भरवसा.

स्टेथो_विसरलेला

किंग, नेमकं उलटं आहे ते. ऑपरेशनच्या आदल्या रात्री अख्खं खानदान दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं असताना भाऊ, मेहुणा, जावई यांना कुणी विचारलं की तू कुठं जाऊन आलास का, तर ते सगळ्यांसमोर हो म्हणणार आहेत का? नाही म्हणतात आणि देतात. बदली रक्तदात्यांत (पेशंटसाठी नातेवाईक-ओळखीचे देतात ते) इन्फेक्शन सापडायचं प्रमाण स्वेच्छेनं देणाऱ्यांपेक्षा बऱ्याच ठिकाणी जास्त निघतं, त्याला हे एक मोठं कारण. आणि अगदी जवळच्या नात्यातलं रक्त, आई-बाप, भाऊ-बहीण, मुलं, हे इरॅडिएट न करता (म्हणजे किरणांचा मारा न करता) दिलं तर दात्याच्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीरावरच उलटू शकतात. क्वचित होतं, पण झालं तर पेशंट बहुतेक वाचत नाही. पेढीतली तपासलेली अनोळखी पिशवी घ्या निवांत.

बार्शीची_लेक

माझी मुलगी थॅलेसेमिया मेजर आहे. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त लागतं, बार्शीहून सोलापूरला घेऊन येते, सकाळची एसटी पकडायची आणि संध्याकाळी परत. तुम्ही लोक टक्के बोलताय म्हणून लिहिते. एका माणसाला आयुष्यात एकदा पिशवी लागली तर त्याचा धोका एकदाचा, माझ्या पोरीला वर्षाला सतरा-अठरा वेळा, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाचं रक्त. म्हणून तिच्या एचआयव्ही, बी, सी च्या टेस्ट ठरावीक महिन्यांनी होतच असतात, आणि रिपोर्ट येईपर्यंत मला काही सुचत नाही. आमच्या व्हरांड्यातल्या एका मुलाला सी निघाला. आता त्याला गोळ्या आहेत, बारा आठवड्यांचा कोर्स झाला आणि गेला सी, शंभरात पंच्याण्णव बरे होतात म्हणे, पण त्याच्या आईनं ते तीन महिने कसे काढले ते मी बघितलंय.

भाऊ, तुम्ही शिबिर बंद करू नका एवढंच मागणं आहे. पण दीडशे पिशव्या एकाच दिवशी नका गोळा करू. फेब्रुवारीत शिवजयंती, एप्रिलमध्ये भीमजयंती, तेव्हा पेढी भरलेली असते, आणि मे महिन्यात सुट्ट्या लागल्या, कॉलेजं बंद झाली की आम्हाला सांगतात ताई उद्या या. लाल पेशी टिकतात पस्तीस ते बेचाळीस दिवस. फेब्रुवारीतलं रक्त मे मध्ये कुठनं येणार.

चौकातला_कार्यकर्ता

ताई, तुमचं वाचून ग्रुपवर तसंच्या तसं टाकलं, शिबिर बंद करा म्हणणारा गप झाला. सगळ्यांचे आभार. आमचा एक पोरगा खासगीत येऊन म्हणला की मला पेढीतनं फोन येऊन गेला आणि मी उचलला नाही, त्याला म्हणलं पहिलं जाऊन ये, कशासाठी ते मला सांगायची पण गरज नाही.

आता हेल्मेटचं विचारतो. खरं सांगायचं तर यंदाची निम्मी गर्दी हेल्मेटची होती, आमच्या भागात कधी न दिसणारी तोंडं होती. एक-दोघं तर वजन भरंना म्हणून खिशात दगड घालून आलते. ते बंद केलं तर आकडा पन्नासवर येईल आणि शेजारचं मंडळ दोनशे काढंल. मग पेढीला पण तेवढं रक्त कमीच ना?

सिरम_आणि_शेंगाचटणी

खिशात दगड 😂 हे आमच्याकडं दर सीझनला होतं. पंचेचाळीस किलोला ३५० मिली घेतात, ४५० ची पिशवी पंचावन्न किलोच्या वरच्याला, हे काय आम्ही उगाच ठरवलेलं नाही, दगडवाला चक्कर येऊन पडला की त्याला आम्हीच उचलतो. पिशवी अर्धी राहिली तर ती पण फेकायची.

हेल्मेटबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. सुप्रीम कोर्टानं १९९६ ला निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणारे बंद झाले. का बंद केले? पैशासाठी येणारा माणूस आजार लपवतो म्हणून. त्यांच्यातलं इन्फेक्शनचं प्रमाण भयंकर होतं. मग आता हजाराचं हेल्मेट, मिक्सर, ट्रॉली बॅग हे काय आहे? नोटा नाहीत एवढंच. हेल्मेटसाठी रांगेत आलेल्याला मी विचारलं की वर्षभरात काविळीचा पेशंट घरात होता का, गोंदवलंय का, नवीन संबंध आलेत का, तर तो हो म्हणून हेल्मेट सोडणार आहे का? फॉर्मवर वरपासून खालपर्यंत नाही, नाही, नाही, एका दमात टिक. मी बघते ना रोज.

आणि आकड्याचं म्हणाल तर हे लक्षात घ्या, फरक शिबिर आणि बदली एवढाच नाही, खरा फरक पहिल्यांदा देणारा आणि परत परत देणारा यांच्यात आहे. जो तीन-चार महिन्यांनी नेमानं येतो त्याच्या टेस्ट आधी कितीतरी वेळा झालेल्या असतात, ज्याला काही निघायचं तो पहिल्याच वेळी बाजूला पडलेला असतो. अशा दात्यांत क्वचितच काही सापडतं. तुमचे हेल्मेटवाले शंभर जण दरवर्षी नवे, म्हणजे दरवर्षी पहिल्यापासून चाळायचे. त्यापेक्षा पन्नास ओळखीची पोरं वर्षातनं तीनदा आली तर माझ्या हिशेबात त्याच दीडशे पिशव्या आहेत, फक्त वर्षभर पसरलेल्या आणि जास्त बिनधोक. शेजारच्या मंडळाला दोनशे काढू द्या हो.

कुणाला फॉर्म भरताना सगळ्यांसमोर लाज वाटली, खोटं लिहून रक्त दिलं आणि घरी जाऊन रुखरुख लागली, तर पेढीला फोन करा आणि नुसतं म्हणा माझी पिशवी वापरू नका. कारण सांगायला लागत नाही. पिशवीवर नंबर असतो, आम्ही काढून ठेवतो.

चौकातला_कार्यकर्ता

पटलं. शेजारच्या मंडळाचं दुखतंय थोडं पण पटलं. मग मे मध्ये घ्यायचं तर फेब्रुवारीत दिलेल्यांना चालंल का? आणि उन्हाचं काय, ४२-४३ डिग्रीत कोण येणार?

सिरम_आणि_शेंगाचटणी

पुरुषांना दोन वेळांमध्ये ९० दिवस लागतात, १९ फेब्रुवारीला दिलेल्यांना २० मे पासून चालतं. बायकांना १२० दिवस, त्यांना १९ जूनच्या पुढं बोलवा. हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर पाहिजे, आपल्याकडच्या बऱ्याच बायका तिथंच परत जातात, तर आतापासून गोळ्या आणि शेंगदाणे-गूळ चालू करायला सांगा.

मे मधलं शिबिर सकाळी सातला सुरू करून अकराच्या आत आवरायचं, हॉल पंखे असलेला बघा, मांडव नको. उपाशी कुणी येऊ नये, आदल्या रात्री जागरण नको. चाळीस-पन्नासच्या वर नावं घेऊ नका आणि पंधरा दिवस आधी पेढीला कळवा म्हणजे तेवढ्याच पिशव्या आणि स्टाफ पाठवता येतो. फॉर्म भरायचं टेबल रांगेपासून लांब ठेवा, एका वेळी एकच माणूस, मागनं कुणी डोकावता कामा नये. आणि मोबाईल नंबर लिहून घेतला की तिथल्या तिथं मिस कॉल देऊन बघायला एक पोरगं बसवा.

रेल्वेलाईन्सवाला

मिस कॉलच्या टेबलावर मी बसतो. मला रक्त देता येत नाही पण कंपनीच्या शिबिरात दरवेळी हेच काम करतो. तारीख ठरली की इथंच टाका.